गटातल्या बायांचे हप्ते मीच भरतेय, एजन्सी सोडू का?

पत्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय, बाकी मजकूर त्यांचाच, थोडा आटोपशीर करून.

ताईंचं वय ३४, बारावी झालेल्या, घरी चार एकर कोरडवाहू वावर, मुलगी नववीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका कंपनीची आयुर्विम्याची एजन्सी घेतली. पहिल्या वर्षी २२ पॉलिसी काढल्या, बहुतेक बचत गटातल्या बायांच्या आणि थोड्या नात्यातल्या. ६१ हजार कमिशन आलं, ब्रँचला सत्कार झाला. दुसऱ्या वर्षी नव्या पॉलिसी फक्त सात, आणि जुनं-नवं मिळून कमिशन २९ हजार. यंदा पावसानं सोयाबीन गेलं आणि बाया हप्ते भरेनात, "कापूस इकला का देतो ताई" म्हणतात. पॉलिसी बंद पडू नये म्हणून ताईंनी गटातून ३० हजार कर्ज काढलं, घरचे आठ हजार घातले, आणि ३८ हजारांचे हप्ते स्वतः भरले. त्यातच गावातल्या एका वजनदार घराचा पहिला हप्तापण आहे, कारण ते म्हणाले पहिला तुम्ही भरा तरच पॉलिसी घेतो. पेट्रोलला महिन्याला दोन हजार जातात. साहेब, म्हणजे विकास अधिकारी, म्हणतात मार्चपर्यंत ओढा, मंग पाहू. नवरा म्हणतो बंद कर हे सगळं.

ताई विचारतात: "बोलण्यात मीच कमी पडते का? दुसऱ्या एजंटांनी तर फोर व्हीलर घेतल्या. आता कानातले मोडून मार्च काढू का एजन्सी सोडू? सोडली तर गाव म्हणेल बाईनं पैसे बुडवले. मीच सांगितलं होतं सगळ्यांना, बँकेपेक्षा जास्त भेटते म्हणून."

उत्तर

ताई, कानातले मोडू नका. बाकीचं सावकाश वाचा, दोनदा वाचा, पण मार्च क्लोजिंगसाठी, म्हणजे वर्षअखेरचं टार्गेट गाठायला, घरातलं सोनं हलवायचं नाही एवढं आजच ठरवून टाका.

आता तुमचा पहिला प्रश्न, बोलण्यात कमी पडते का. मला नाही वाटत तसं. आपल्याकडे विमा हा शब्द काढला की समोरच्याच्या डोक्यात आधी पीकविमा येतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात फॉर्म भरले, २०२५ पासून ती योजना बंद होऊन पुन्हा हिस्सा भरायची वेळ आली, कोणाला पैसे आले कोणाला नाही, कोणाच्या खात्यात आलेली रक्कम सांगायलाही लाज वाटावी अशी. तो सगळा राग तुमच्या अंगावर निघतो, "विम्याचे पैसे भेटतात काहून कोणाले?" असं ऐकलंच असेल तुम्ही पन्नास वेळा. अशा गावात वर्षभरात २२ सह्या घेणं हे बोलता न येणाऱ्या माणसाचं काम नाही.

पण एक गोष्ट नीट बघा. त्या २२ जणी-जणांनी पॉलिसीचा कागद वाचून ती घेतली का? मला वाटतं त्यांनी तुमच्याकडे बघून घेतली. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात ना, ओळखीच्या १०० माणसांची नावं लिहून आणा. शहरातल्या माणसाची ती यादी ऑफिस, सोसायटी, शाळेतले पालक अशी वाढत जाते. खेड्यात ती पन्नास-साठ घरांवर येऊन थांबते, आणि त्यातल्या निम्म्या घरांचा पैसा आपल्याच पैशासारखा पावसावर. पहिल्या वर्षी यादी होती म्हणून धंदा झाला, दुसऱ्या वर्षी यादी संपली. तुम्ही तीच, बोलणंही तेच.

शिवाय कमिशनची रचनाच अशी आहे की पहिल्या वर्षी माणूस हुरळून जातो. लांब मुदतीच्या बचतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर २५ टक्के, वर बोनस कमिशन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच, असा हिशोब कित्येक वर्षं चालला. १ ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी लवकर मोडणाऱ्याला आधीपेक्षा जास्त पैसे परत द्यायचा नियम आला आणि तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन खाली आणलं. ग्राहकाच्या बाजूनं नियम चांगलाच आहे, पण तुमचं पहिलं वर्ष बहुतेक जुन्या दरात गेलं आणि दुसरं नव्या दरात. तुमच्या कंपनीनं काय केलं ते कमिशनच्या स्टेटमेंटवर दिसेल, काढून बघा एकदा. तेवढ्याच मेहनतीला कमी पैसे आले असतील तर त्याचा दोष स्वतःच्या माथी कशाला मारायचा.

फोर व्हीलरवाल्यांचं म्हणाल तर त्यातले बरेच १५-२० वर्षं जुने असतात, तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी बसलेले, मास्तर, बँकवाले, दवाखानेवाले असे महिन्याला पगार येणारे ग्राहक त्यांनी आधीच बांधलेले, त्यांना जुन्या हप्त्यांवरचं कमिशन घरबसल्या येत राहतं. काहींच्या घरात दुसरा पगार असतो. आणि ब्रँचच्या भिंतीवर फोटो लागतात ते टिकलेल्यांचे, दीड वर्षात सोडून गेलेल्यांचे कोण लावतो.

आता पैशाकडे येऊ. तुम्ही पत्रात २९ हजार 'कमाई' लिहिलीय. माझा हिशोब वेगळा निघतो. पेट्रोलचे २४ हजार, मोबाईल, झेरॉक्स, फोटो, ब्रँचला गेल्यावरचा चहा-नाश्ता असे महिन्याला पाचशे धरले तरी सहा हजार, म्हणजे खर्चच ३० हजार. वरून बायांचे ३८ हजार. २९ आले, ६८ गेले. वर्षभर उन्हातान्हात फिरून तुम्ही ३९ हजारांनी खाली आहात, गटाच्या कर्जाचं व्याज अजून धरलंच नाही. याला नोकरी म्हणा, धंदा म्हणा, काहीही म्हणा, पण कमाई म्हणू नका. घरात भांडण होतंय ते याचंच आहे, नवऱ्याला आकडे मांडता येत नसतील पण वास आलाय त्यांना.

आणि एका पॉलिसीचं गणित मांडून बघा. समजा एका बाईचा वर्षाचा हप्ता १२ हजार. दुसऱ्या वर्षी तो तुम्ही भरला तर साडेसात टक्क्यांनी तुम्हाला ९०० रुपये कमिशन. ९०० साठी १२ हजार घालायचे, तेही ज्या बाईकडे आत्ता पैसे नाहीत तिच्याकडून परत येतील या भरवशावर. साहेबांना मात्र यात तोटा काहीच नाही, पॉलिसी चालू दिसली की त्यांची परसिस्टन्सी, म्हणजे काढलेल्या पॉलिसी टिकण्याचं प्रमाण, शाबूत राहते, ब्रँचचा आकडा चांगला दिसतो. साहेब वाईट आहेत असं म्हणत नाही मी, त्यांनाही वरून टार्गेट असतं आणि त्यांचंही बरंच काही तुमच्या धंद्यावर चालतं. पण 'मार्चपर्यंत ओढा' हा सल्ला त्यांच्या मार्चसाठी आहे. एप्रिलमध्ये गटाचा हप्ता भरायला ते येणार नाहीत.

तुम्हाला वाटतंय हप्ते भरून तुम्ही बायांना मदत करताय. मलाही आधी वाचताना तसंच वाटलं. पण त्या बाईला माहितीये का की तिच्या नावावर तुम्ही किती घातले? बहुतेक तिला वाटत असेल पॉलिसी आपोआप चालू आहे. सहा महिन्यांनी तुम्ही पैसे मागायला जाल तेव्हा ती म्हणेल, मी कुठं भरायला सांगितलं होतं. आणि तिचं चुकत नाही त्यात.

वजनदार घराचा विषय वेगळा आणि जास्त नाजूक. पहिला हप्ता एजंटनं भरणं, कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं, याला विमा कायदा १९३८ चं कलम ४१ सरळ मनाई करतं, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही, आणि दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. गावोगाव चालतं हे मला माहीत आहे, निम्मे ग्राहक सौदा केल्यासारखं मागतात, "कमिशनमधले किती सोडता?" पण चालतं म्हणून तुमच्या अंगावर आलं तर कोणी वाचवायला येणार नाही. तो पैसा गेला असं समजा, मागायला जाऊ नका, आणि पुढचा हप्ता त्यांचा त्यांनी भरायचा. नाही भरला तर ती पॉलिसी गेली. ज्या घराला पहिला हप्ता जड नव्हता तरी तुमच्याकडून भरवून घेतला, ते घर तुमचं ग्राहक कधी नव्हतंच. यापुढे कोणी मागितलं तर माझ्या लायसनवर येतं, जमणार नाही, एवढं म्हणायचं आणि चहा पिऊन उठायचं.

आता बायांचं काय करायचं. माझ्या मते सगळ्यात आधी हेच काम आहे, नवीन पॉलिसी एक महिना नाही काढली तरी चालेल.

एक वही घ्या. प्रत्येकीचं नाव, पॉलिसी कधी सुरू झाली, हप्ता किती आणि कोणत्या महिन्यात, शेवटचा कोणी भरला. मला खात्री आहे बऱ्याच जणींचे हप्ते तिमाही नाहीतर सहामाही असतील, कारण विकताना रक्कम लहान दिसते. त्यातला एखादा हप्ता जून-जुलैत पडतो, म्हणजे बियाणं, खत, लेकरांच्या वह्या-पुस्तकं सगळं एकदम. नाहीतर पोळ्याच्या आसपास, तेव्हा घरात दाणा नसतो. आपल्याकडे हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, मग कापसाची वेचणी सुरू झाल्यावर, तूर निघाल्यावर. २०२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ आणि दिवाळीच्या सुमाराला बाजारात त्याच्या बराच खाली, ओला माल तर विचारूच नका. अशा वेळी हप्ता थकला तर बाई बेइमान होत नाही, पॉलिसीच चुकीच्या महिन्यात बसवलीय. जुन्या पॉलिसीची तारीख बदलत नाही पण तिमाहीची वार्षिक बहुतेक पॉलिसींमध्ये करून मिळते, जिची तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येते तिची करून टाका. आणि यापुढे कास्तकाराच्या घरची नवी पॉलिसी दिवाळीनंतरच सुरू करायची, वार्षिक हप्त्यानं. मार्चचं टार्गेट म्हणून होळीत घाई केलेली पॉलिसी पुढच्या होळीला थकलेलीच असते.

वही झाली की एकेकीच्या घरी बसा, गटाच्या मीटिंगमध्ये चारचौघीत नाही. जिच्याकडे कापसाचे पैसे येणारेत आणि पॉलिसी ठेवायची इच्छा आहे तिला सांगा की वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५, तेवढ्या दिवसांत विमा चालू असतो. त्यानंतर बंद पडली तरी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून साधारण पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते, थकलेले हप्ते, वर व्याज आणि तब्येतीचा फॉर्म देऊन, अधूनमधून कंपन्या लेट फीमध्ये सूट देऊन मोहीमपण काढतात. मधल्या काळात माणूस गेला तर पैसे मिळत नाहीत हेही त्याच दमात सांगा. म्हणजे पॉलिसी एक-दोन महिने थकली म्हणून आभाळ कोसळत नाही, तुम्ही स्वतःचे घालायची तर गरजच नव्हती.

जिला खरंच झेपत नाही, रोजीनं निंदायला-वेचायला जाते, तिला पुढे ओढू नका. आत्ता सोडली तर हातात काय येईल ते ब्रँचमधून लेखी काढून तिच्यापुढे ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या नियमातल्या पॉलिसीला एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरला आणि वर्ष झालं असेल तर काहीतरी परत मिळतं, त्याआधीच्या बहुतेकींना निदान दोन वर्षांचे हप्ते लागतात. दोन महिन्यांत दोन वर्षं पूर्ण होत असतील तर तिनं थोडं थांबणं फायद्याचं. हा निर्णय तिचा आणि तिच्या घरच्यांचा, तुम्ही फक्त कागद समोर ठेवायचा.

आणि मग तिला बँकेत घेऊन जा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात निघतो, माणूस गेला तर दोन लाख. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूला दोन लाख. खात्यातून आपोआप कापतात, १ जून ते ३१ मे असं वर्ष असतं, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात तेवढे पैसे ठेवायची आठवण द्यायची. यात तुम्हाला कमिशन शून्य. तरी करा. रोजमजुरी करणाऱ्या बाईला वर्षाला १२ हजारांची बचत-पॉलिसी कधीच परवडणारी नव्हती, तिला आधी या ४५६ रुपयांची गरज होती. आणि शेतकऱ्याच्या घरात अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यूला दोन लाख, अर्ज तालुका कृषी कार्यालयात, तेही लवकरात लवकर द्यावा लागतो. गावात हे कागद धडपणे करून देणारं माणूस बहुतेक नसतं. तुम्ही ते झालात तर 'बाईनं पैसे बुडवले' म्हणणाऱ्यांची तोंडं कशी बंद करायची हा प्रश्न बराचसा तिथंच सुटतो.

आता जरा कठीण. 'बँकेपेक्षा जास्त भेटते' असं तुम्ही सांगितलं होतं. तुम्हालाही तसंच सांगितलं गेलं असेल, त्यामुळे खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. पण ते खरं नाही. बहुतेक बचतीच्या पॉलिसी पूर्ण मुदत भरल्या तरी परतावा एफडीच्या आसपास नाहीतर त्याहून कमी पडतो, आणि मध्येच मोडली तर भरलेलेही पूर्ण येत नाहीत. हे त्या बायांना तुम्हीच सांगायला हवं, दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी. अवघड आहे, एखादी बोलेल वाईट, एखादी जाऊ-नणंद वर्षभर टोमणे मारेल. पण "मला जे शिकवलं ते मी सांगितलं, आता मला नीट कळलंय, हा कागद बघ" असं घरी येऊन सांगणारी एजंट गावानं कधी बघितलेली नसते. गाव नावं ठेवील ही भीती तुम्हाला ३८ हजारांना पडली आहे, अजून किती घालणार तिच्यावर?

वही घेऊन बसालच तर फॉर्मपण तपासा. वय, वारसाचं नाव, आणि मुख्य म्हणजे तंबाखूचा रकाना. आपल्याकडे घरटी एक माणूस खर्रा खातो आणि फॉर्मवर मात्र सगळे निर्व्यसनी. बीपी-शुगरचंही तेच. पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला तर कंपनी हे उकरून काढू शकते. तीन वर्षांनंतर कायद्यानं त्या कारणावरून पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण तोवर काय? चुकीचं असेल तर आत्ताच लेखी दुरुस्ती द्या, हप्ता थोडा वाढेल फार तर.

साहेबांना काय सांगायचं, तर थोडक्यात: "ग्राहक भरेल तेवढंच भरीन." फोनवर वाद नको, व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे तुमच्याकडे राहतं. आणि रोख रक्कम हातात घेणं कमी करा. ज्या बाईकडे साधा मोबाईल आहे तिचा हप्ता तिच्याच खात्यातून कापायचा फॉर्म भरून द्या, बाकीच्यांनी घरच्या कोणाच्या फोनवरून भरायचा. घ्यावेच लागले पैसे तर त्याच दिवशी भरून पावती तिच्या हातात. पेट्रोलला पैसे नसताना पाकिटात दुसऱ्याचे चार हजार असणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट दिवस असतो, तो येऊच देऊ नका.

मग एजन्सी सोडायची का? मला लगेच हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. आत्ता जशी चालू आहे तशी चालवायची असेल तर सोडा, उद्याच सोडा. पण तुमच्याकडे दोन वर्षांत काही गोष्टी जमा झाल्यात, परीक्षा दिली, फॉर्म भरता येतात, ब्रँचमध्ये कोणाकडे कोणतं काम ते माहीत आहे, चार गावांत ओळख आहे. त्याचा उपयोग दुसऱ्या रीतीनं करता येतो का ते बघू.

एक म्हणजे गाड्यांचा विमा. एका आयुर्विमा कंपनीसोबत एक जनरल आणि एक आरोग्य विमा कंपनीची एजन्सी कायद्यानं घेता येते. आता बघा, १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू व्हीलर घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात समोरच्याचं नुकसान भरून देणारा, सक्तीचा झाला. म्हणजे २०१९-२० मध्ये घेतलेल्या गाड्यांचा तो विमा संपलाय, आणि गावातल्या किती जणांनी पुन्हा काढला? पानठेल्यावर उभ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या तर जुनेच कागद निघतील. विना विमा पकडलं तर पहिल्या वेळी २००० दंड, आणि सव्वाशे सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी वर्षाला सातशे-आठशेच्या घरात. इथं समजवायला जास्त लागत नाही. कमिशन एका गाडीमागे किरकोळ, खरं आहे, पण दरवर्षी येतं आणि कोणाचं घर बुडत नाही. ट्रॅक्टर, मालवाहू ऑटो, आठवडी बाजाराला जाणारे टेम्पो, ही यादी तुमच्या १०० नावांच्या यादीपेक्षा मोठी निघेल. बायकांनी गाड्यांच्या विम्यात पडू नये असं काही नाही, कोणी हसलं तर हसू द्या.

दुसरं, आयुर्विमा विकायचाच तर पगारदाराला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक यांना जुनी पेन्शन मिळत नाही अशी भीती असते आणि मासिक हप्ता त्यांना जड नाही. त्यांना आधी टर्म प्लॅन दाखवा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा नुसता विमा. परत काही मिळत नाही म्हणून लोक नाक मुरडतात आणि हप्ता कमी म्हणून एजंटही नाक मुरडतो. तरी दाखवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेलाय, टर्म आणि आरोग्यावर तो १८ टक्के होता, हे सांगायला एक चांगलं निमित्त आहे. आणि पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते हे प्रत्येक नव्या माणसाला स्वतःहून सांगा. परत करतील एखाददोन. बाकीचे टिकतील.

हे सगळं करूनही पहिले काही महिने घर यावर चालणार नाही, म्हणून शिलाई असो, गटाचं एखादं मानधनाचं काम असो, दुसरं काहीतरी सोबत हवंच, आणि त्यातला पहिला पैसा गटाच्या ३० हजारांना. गटातल्या बायांनाही सांगा कर्ज कशासाठी काढलं होतं. त्यांना कळेल तर बरंच होईल, ज्यांचे हप्ते भरलेत त्यातल्या काही जणी तर त्याच गटात आहेत, त्या कापसानंतर थोडं-थोडं परत करतीलही. नाही केलं तरी भांडायचं नाही, कारण त्यांच्या नावानं तुम्ही त्यांना न विचारता भरलंय.

हे वाचणाऱ्या बाकीच्या ताई-दादांसाठीही थोडं. बरीच पोरं शेती परवडत नाही म्हणून या लाईनमध्ये येतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बायांना एजंट करणारी एलआयसीची विमा सखी योजना आल्यापासून खेड्यातल्या बायाही आल्यात. त्यात पहिल्या वर्षी महिन्याला सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच, असा कमी होत जाणारा स्टायपेंड आहे आणि दुसऱ्या वर्षापासून तो आधी काढलेल्या पॉलिसी किती टिकल्या यावर अवलंबून असतो. त्याला पगार समजून कर्जाचे हप्ते बांधू नका, आणि स्टायपेंड टिकवायला दुसऱ्यांचे हप्ते भरायची सवय तर लावूच नका. कमिशनमधून टीडीएस, म्हणजे आधीच घेतलेला आयकर, कापला असेल तर रिटर्न भरून परत मागता येतो, खूप जण सोडून देतात ते पैसे. आणि एजन्सी घ्यायच्या आधी कोणी 'महिन्याला लाख' म्हणालं तर त्याला त्याचं पासबुक दाखवायला सांगा.

तर ताई, मार्च जाऊ द्या. टार्गेट बुडालं तर बुडालं, तुमच्या करारात कमीत कमी किती धंदा लागतो तेवढं फक्त बघून घ्या. पुढच्या दिवाळीपर्यंत वर सांगितलं तसं काम करून बघा, आलेला आणि गेलेला पैसा वहीत रोज लिहून, पेट्रोलसकट. तुमच्या यजमानांनाही ती वही वाचायला द्या, त्यांनी 'बंद कर' म्हणायच्या ऐवजी आकड्यावर बोट ठेवावं. दिवाळीला बेरीज शून्याच्या वर दिसली नाही तर सोडा. पण राजीनामा द्यायच्या आधी ब्रँचला एक लेखी अर्ज द्या, की मी एजन्सी सोडली तर चालू पॉलिसींचं पुढचं कमिशन मला मिळत राहील का, किती वर्षं काम झाल्यावर मिळतं, आणि माझ्या ग्राहकांचं काम पुढे कोण बघेल. उत्तरावर सही-शिक्का घ्या. तोंडी "हो मिळते ना ताई" चालणार नाही.